एक्सएमएल साच्यांतील जावास्क्रिप्ट

एक्सएमएल या खूणभाषेच्या नियमांनी लिहिलेल्या संकेतपानाच्या साच्यात जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. साच्याचे व्याकरण मोडता कामा नये आणि आज्ञावलीचा अर्थही बदलता कामा नये. ब्लॉगर या सेवेचे साचे, एक्सएचटीएमएल पाने, ईपब स्वरूपातील ई-पुस्तके, एसव्हीजी चित्रे आणि जावा भाषेतील काही साचा-यंत्रणा येथे हा प्रश्न नेहमी उद्भवतो. आज्ञावलीतील केवळ एका चिन्हामुळे संपूर्ण साचा नाकारला जाऊ शकतो. त्याहून त्रासदायक प्रकार असा, की साचा स्वीकारला जातो, पान दिसते, परंतु आज्ञावली मुकाट्याने बंद पडते.

या लेखातील उदाहरणांत स्क्रिप्ट, सीडेटा, एलटी, जीटी, एएमपी ही राखीव नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संहितेत ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात (सीडेटा मोठ्या लिपीत, बाकीची लहान लिपीत). गुण, किमान, यादी यांसारखी चलांची नावे मात्र देवनागरीत जशीच्या तशी चालतात.

== पार्श्वभूमी ==

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना तयार केली. त्या काळी संकेतपाने एचटीएमएलमध्ये लिहिली जात आणि ब्राउझर म्हणजे न्याहाळक त्यांतील चुका खपवून घेत असे. न मिटलेला टॅग किंवा विसरलेले अवतरणचिन्ह यांमुळे पान अडत नसे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध केली, तेव्हा ही सवलत हेतुपूर्वक काढून घेण्यात आली. एक्सएमएलचा मजकूर सुघटित असलाच पाहिजे; तो तसा नसेल तर वाचणाऱ्या यंत्रणेने तेथेच थांबावे, अंदाजाने पुढे जाऊ नये, असा हा नियम आहे. त्यानंतर २६ जानेवारी २००० रोजी आलेल्या एक्सएचटीएमएल १.० या शिफारशीने एचटीएमएलला एक्सएमएलच्या चौकटीत बसवले, आणि तोवर स्वतंत्रपणे नांदणाऱ्या दोन व्याकरणांची एकाच पानात गाठ पडली.

== एकच मजकूर, दोन वाचक ==

स्क्रिप्ट घटकातील मजकूर दोघे वाचतात, आणि एकामागून एक वाचतात. पहिला वाचक खूणभाषेचा विश्लेषक असतो. घटक कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे तो ठरवतो. त्याचे काम झाल्यावर उरलेला मजकूर जावास्क्रिप्टच्या यंत्रणेकडे जातो. बहुतेक चुकांचे मूळ या क्रमात आहे. आज्ञावली लिहिणारा दुसऱ्या वाचकाला उद्देशून लिहितो आणि पहिल्याला विसरतो.

पुढील ओळ जावास्क्रिप्टच्या दृष्टीने निर्दोष आहे:

निकाल = (गुण > किमान && गुण < कमाल) ? 'पात्र' : 'अपात्र';

एक्सएमएलच्या विश्लेषकासाठी मात्र यात दोन अडथळे आहेत. त्याच्या लेखी & या चिन्हाने एखादा संदर्भ सुरू होतो, म्हणून त्याच्यामागोमाग लगेच नाव यावे अशी त्याची अपेक्षा असते. येथे पुन्हा & हेच चिन्ह येते. तसेच < या चिन्हाने टॅग उघडतो, आणि येथे त्यापुढे रिकामी जागा आहे. विश्लेषक पहिल्याच अडथळ्यापाशी थांबतो. > हे चिन्ह मात्र एरवी निरुपद्रवी असते. मजकुरात ते मोकळेपणाने लिहिता येते.

रिकामी जागा न सोडता गुण<कमाल असे लिहिले, तर प्रकार अधिक फसवा होतो. एक्सएमएलमध्ये घटकांना देवनागरी नावे देता येतात, त्यामुळे विश्लेषक <कमाल हा टॅगचा आरंभ समजून पुढे वाचत जातो आणि चूक भलत्याच ठिकाणी दाखवतो. त्रुटीसंदेशातील ओळक्रमांकावर नवशिक्या माणसाचा फार विश्वास असतो. तो क्रमांक विश्लेषक कोठे गोंधळला हे सांगतो. चूक बहुधा त्याच्या आधी झालेली असते.

एचटीएमएलचा विश्लेषक याच मजकुराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. स्क्रिप्ट घटक उघडला की तो त्यातील < आणि & यांना अर्थ देत नाही; घटक मिटवणारा टॅग सापडेपर्यंत सर्व मजकूर जसाच्या तसा घेतो. वरील ओळ एचटीएमएल पानात बिनतक्रार चालते ती यामुळेच. मात्र एकच साचा दोन्ही पद्धतींनी वाचला जाणार असेल, आणि व्यवहारात बहुधा तसेच होते, तर एका पद्धतीत लागू पडणारा उपाय दुसरीत घातक ठरू शकतो.

पूर्वापार सांगितला जाणारा पहिला उपाय म्हणजे अशा चिन्हांऐवजी त्यांचे संदर्भ लिहिणे: < साठी &एलटी; आणि & साठी &एएमपी;. एक्सएमएलचा विश्लेषक हे संदर्भ उलगडून जावास्क्रिप्टकडे मूळ चिन्हे पाठवतो, त्यामुळे तेथे हा उपाय योग्य आहे. एचटीएमएलमध्ये स्क्रिप्ट घटकातील संदर्भ उलगडले जात नाहीत, म्हणून जावास्क्रिप्टसमोर गुण &एलटी; कमाल अशीच अक्षरे येतात. गंमत अशी, की ही अक्षरे स्वतंत्र विधान म्हणून आली तर जावास्क्रिप्टच्या व्याकरणात बसतात. एकेरी & हा बिटवाइज अँडचा कारक आहे, त्यापुढील एलटी हे चलाचे नाव ठरते आणि अर्धविरामाने विधान संपते. मग ‘एलटी नावाचे चल सापडत नाही’ अशी तक्रार येते, आणि तसे चल कधी वापरलेच नव्हते म्हणून लिहिणारा बुचकळ्यात पडतो.

== सीडेटा विभाग ==

एक्सएमएलमध्ये मजकुराचा एखादा भाग ‘येथे खुणा शोधू नका’ असे सांगून वेगळा काढता येतो. त्याला सीडेटा विभाग म्हणतात. तो <![सीडेटा[ या खुणेने सुरू होतो आणि ]]> या खुणेने संपतो. त्यामधील < आणि & ही साधी अक्षरे ठरतात, म्हणून आज्ञावली न बदलता आत ठेवता येते.

तेच पान एचटीएमएल म्हणून वाचले गेले, तर आरंभीची आणि शेवटची खूण जावास्क्रिप्टकडे जाते आणि तेथे ती व्याकरणाची चूक ठरते. यावर तोडगा म्हणून या खुणा जावास्क्रिप्टच्या टिपेत लपवतात:

<स्क्रिप्ट>
/*<![सीडेटा[*/
निकाल = (गुण > किमान && गुण < कमाल) ? 'पात्र' : 'अपात्र';
/*]]>*/
</स्क्रिप्ट>

एक्सएमएलच्या वाचकाला सीडेटा विभाग दिसतो आणि त्यातून जावास्क्रिप्टला एक रिकामी टीप मिळते. एचटीएमएलच्या वाचकाला विभाग दिसत नाही, पण त्याने पुढे पाठवलेल्या खुणा टिपेत असल्याने जावास्क्रिप्ट त्या सोडून देते. दोघांचेही समाधान होते. काही जण /* */ ऐवजी दोन तिरक्या रेघांची एकओळी टीप वापरतात. ती चालते, परंतु एखाद्या यंत्रणेने जागा वाचवण्यासाठी ओळी जोडल्या तर पहिल्या टिपेपुढची सगळी आज्ञावली टीप होऊन बसते. म्हणून दोन्ही बाजूंनी बंद होणारी टीप अधिक सुरक्षित.

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्या जुन्या आवृत्त्याही पानात आज्ञावली बसवताना नेमकी हीच रचना वापरत, आणि तीही आज्ञावलीत < किंवा & आढळले तरच. ड्रुपल या प्रणालीच्या ६ व ७ या आवृत्त्या याहून लांबलचक खूण छापत: <!--//--><![सीडेटा[//><!-- ही आरंभी आणि //--><!]]> ही शेवटी. मिसळपावसारख्या ड्रुपलवर उभ्या असलेल्या मराठी संकेतस्थळाच्या पानाचा स्रोत ज्यांनी त्या काळी उघडून पाहिला, त्यांना ही विचित्र ओळ आठवत असेल. ती एकाच वेळी तीन प्रकारच्या वाचकांची समजूत घालते: एक्सएमएलचा विश्लेषक, एचटीएमएलचा विश्लेषक, आणि स्क्रिप्ट हा घटकच न ओळखणारे अगदी जुने ब्राउझर. शेवटच्या गटातील ब्राउझर आता कोणी वापरत नाही, त्यामुळे नव्या साच्यात ही ओळ उतरवून घेण्याचे कारण उरलेले नाही.

सीडेटा विभागाला एक मर्यादा आहे. त्याची शेवटची खूण आज्ञावलीतच आली, तर विभाग तेथेच संपतो. असे कधी होईल असे वाटत नाही, पण यादीतील क्रमांक दुसऱ्या यादीतून घेऊन तुलना केली की होते:

मोठे = यादी[क्रम[आरंभ]]>मर्यादा;

येथे दोन चौकटी कंस आणि > हे चिन्ह ओळीने आले आहेत. कंसांनंतर एक रिकामी जागा सोडली की प्रश्न सुटतो. हे तीन चिन्हांचे जोडकाम सीडेटा विभागाबाहेरील साध्या मजकुरातही निषिद्ध आहे; तेथे > ऐवजी &जीटी; लिहावे लागते.

स्क्रिप्ट घटकातील आज्ञावली <!-- आणि --> यांमध्ये ठेवण्याची जुनी सवय एक्सएमएलमध्ये पूर्णपणे चुकीची आहे. एक्सएमएलचा विश्लेषक त्या खुणांमधील मजकूर टीप समजून बाजूला टाकतो. परिणामी कोणताही त्रुटीसंदेश न येता आज्ञावली नाहीशी होते. शिवाय अशा टिपेत दोन आडव्या रेघा ओळीने चालत नाहीत, आणि जावास्क्रिप्टमध्ये क्रम-- म्हणजे ‘क्रम एकाने कमी करा’ ही रोजच्या वापरातील आज्ञा आहे.

== आवाज न करणाऱ्या चुका ==

पुढील ओळ पाहा:

मजकूर = '<ठळक>वसई</ठळक>';

येथे टॅग उघडला आहे आणि मिटवलाही आहे, म्हणून एक्सएमएलचा विश्लेषक खूश असतो. मात्र तो ठळक नावाचा एक घटक स्क्रिप्टच्या पोटात तयार करतो. जावास्क्रिप्टला स्क्रिप्ट घटकातील थेट मजकूर तेवढा मिळतो, आतील घटकांचा मिळत नाही. त्यामुळे चलात रिकामी अक्षरमाला साठवली जाते. कोठेही चूक दिसत नाही, पानावर ‘वसई’ हा शब्द मात्र येत नाही. सीडेटा विभाग असता तर हे झाले नसते.

उलट दिशेचा सापळा रिकाम्या घटकाचा आहे. बाहेरील फाइलचा दुवा देणारा स्क्रिप्ट घटक आतून रिकामा असतो, म्हणून एक्सएमएलच्या सवयीने तो <स्क्रिप्ट/> असा एकाच टॅगात मिटवला जातो. एचटीएमएलचा विश्लेषक त्या तिरक्या रेघेकडे लक्ष देत नाही. त्याच्या मते घटक उघडाच राहतो, आणि पानाचा उर्वरित सगळा मजकूर तो आज्ञावली म्हणून गिळतो. पान कोरे दिसते. यासाठी स्क्रिप्ट घटक रिकामा असला तरी उघडणारा आणि मिटवणारा असे दोन्ही टॅग लिहावेत.

गुणधर्मांच्या किमतींत लिहिलेल्या आज्ञांची स्थिती वेगळी आहे. बटणावर टिचकी मारल्यावर चालणारी आज्ञा गुणधर्मात असते, आणि गुणधर्मातील संदर्भ दोन्ही विश्लेषक उलगडतात. म्हणून तेथे &एएमपी; आणि &एलटी; लिहिणे दोन्हीकडे बरोबर ठरते. एक बारकावा असा, की एक्सएमएलमध्ये गुणधर्मातील ओळ तुटली तर तिच्या जागी रिकामी जागा धरली जाते. गुणधर्मात एकओळी टीप लिहिली असेल, तर तिच्यापुढील आज्ञा तिच्यातच विरून जातात.

== ब्लॉगरचे साचे ==

मराठीत या विषयाशी सर्वाधिक लोकांचा संबंध आला तो ब्लॉगरमुळे. पायरा लॅब्स या कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेली ही सेवा २००३ मध्ये गूगलकडे गेली, आणि २००६ मध्ये तिच्या नव्या आवृत्तीत साचे एक्सएमएलमध्ये आले. त्यानंतरच्या वर्षांत युनिकोड देवनागरी रुळली, मराठी अनुदिनींची संख्या वाढली, आणि कथा-कविता लिहिणाऱ्या, पाककृती देणाऱ्या, पूर्वी संगणकाच्या भाषांशी कधी संबंध न आलेल्या मंडळींना आपल्या अनुदिनीवर घड्याळ, वाचकसंख्या किंवा ताज्या नोंदींची यादी हवीशी वाटू लागली. आज्ञावली कोठून तरी उतरवून घेतली जाई, साच्यात चिकटवली जाई, आणि जतन करताना साचा सुघटित नाही असे सांगणारा संदेश समोर येई.

हे संदेश ठराविक असतात आणि त्यांचा अर्थ एकदा कळला की उपाय सोपा असतो. ‘अँड चिन्हापुढे लगेच नाव हवे’ असा आशय असेल तर आज्ञावलीत && आहे. ‘अमुक नावाचा संदर्भ अर्धविरामाने संपला पाहिजे’ असे म्हटले असेल तर बहुधा एखाद्या दुव्याच्या पत्त्यात दोन घटक जोडणारे एकेरी & आहे; तेथे &एएमपी; लिहावे. ‘मजकूर सुघटित नाही’ अशी तक्रार < नंतर रिकामी जागा किंवा अंक आल्यामुळे होते. ‘गुणधर्माच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह हवे’ हा संदेश जाहिरातींच्या आज्ञावलीने अनेकांना दाखवला आहे. तिच्यातील असिंक हा गुणधर्म एचटीएमएलमध्ये नुसता लिहिला तरी चालतो, पण एक्सएमएलमध्ये प्रत्येक गुणधर्माला किंमत लागते. म्हणून असिंक='असिंक' असे लिहावे लागते. एका रिकाम्या जागेसाठी वापरला जाणारा, एचटीएमएलमधील प्रसिद्ध ‘एनबीएसपी’ हा संदर्भही एक्सएमएलला स्वतःहून ठाऊक नाही. <, >, &, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण या पाच चिन्हांचे संदर्भ तेवढे त्यात अंगभूत आहेत; इतरांसाठी अक्षराचा युनिकोड क्रमांक वापरावा.

सदोष साचा ब्लॉगर जतनच करत नाही, त्यामुळे आधीचे पान शाबूत राहते. त्या अर्थाने एक्सएमएलचा कडकपणा लेखकाच्या उपयोगाचा आहे. मात्र सुघटित असूनही आज्ञावली मोडलेला साचा बिनदिक्कत जतन होतो आणि वाचकांसमोर जातो. साच्यात बदल करण्यापूर्वी त्याची प्रत उतरवून ठेवावी, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी तो टाळणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मांडणी एका चिकटवण्यात गेलेली आहे.

ब्लॉगरमध्ये सीडेटा विभाग वापरताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अनुदिनीचे नाव, नोंदीचा पत्ता इत्यादी किमती साच्यात खास टॅग लिहून मागवता येतात. सीडेटा विभागात टॅग हा टॅग राहत नाही, म्हणून तेथे या किमती येत नाहीत. टॅगाची अक्षरेच आज्ञावलीत उतरतात. यावर रूढ तोडगा असा: विभाग सुरू होण्यापूर्वी किंमत एका चलात साठवावी आणि मग विभागात ते चल वापरावे.

== विभागाशिवाय ==

सीडेटा विभाग टाळून आज्ञावली लिहिणेही शक्य असते. > हे चिन्ह चालते, म्हणून तुलनेच्या बाजू उलटवता येतात: गुण < कमाल ऐवजी कमाल > गुण. && ऐवजी एका अटीच्या आत दुसरी अट लिहिता येते. तर्कशास्त्रातील डी मॉर्गन यांच्या नियमाने दोन अटींचे ‘आणि’ !(!पहिली || !दुसरी) असेही मांडता येते, पण सहा महिन्यांनी हे वाचणाऱ्याचे हाल होतात. दोन-चार ओळींच्या आज्ञावलीपुरतेच हे उपाय योग्य आहेत.

अक्षरमालेच्या आत < किंवा & हवे असेल, तर जावास्क्रिप्टची स्वतःची सोय अधिक भरवशाची आहे. उलट्या तिरक्या रेघेपुढे अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहिला की ते अक्षर जावास्क्रिप्टच्या वाचनात तयार होते. खूणभाषेच्या वाचकाला ते दिसतच नाही, त्यामुळे एक्सएमएल आणि एचटीएमएल दोन्हींकडे एकच संहिता चालते.

सर्वांत स्वच्छ मार्ग मात्र आज्ञावली वेगळ्या फाइलमध्ये ठेवून साच्यातून तिचा दुवा देण्याचा आहे. एक्सएचटीएमएल १.० च्या शिफारशीतील सुसंगतीविषयक परिशिष्टही, आज्ञावलीत अडचणीची चिन्हे असल्यास हेच सुचवते. त्या फाइलचा वाचक एकच, जावास्क्रिप्ट. म्हणून दोन व्याकरणांचा झगडा उद्भवत नाही. मराठी विकिपीडियावर सदस्यांच्या वैयक्तिक आज्ञावली स्वतंत्र उपपानांवर असतात त्याही अशाच. तेथेही एक छोटे वळण आहेच. अशा पानाच्या आरंभी टिपेत नोविकी टॅग लिहिण्याची प्रथा आहे, कारण पान जतन होताना चार लहरचिन्हांची सही करणारी विकीची यंत्रणा आज्ञावलीतील अक्षरांनाही हात लावू शकते. व्याकरण बदलले, तरी पहिल्या वाचकाला दूर ठेवण्याची गरज तीच.

== बाहेरून येणारी किंमत ==

आतापर्यंतच्या चुकांत नुकसान पान बिघडण्यापुरते होते. साच्यातील आज्ञावलीत वाचकाने टंकलेला मजकूर घातला जातो, तेव्हा प्रश्न सुरक्षिततेचा होतो.

समजा, वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतील एखाद्या वाचनालयाने आपल्या पुस्तकांची यादी संकेतपानावर मांडली आणि लेखकाचे नाव साच्यातून जावास्क्रिप्टच्या एकेरी अवतरणांत भरले. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरापुढे लोपचिन्ह येते. वसई परिसरातील कित्येक ख्रिस्ती आडनावांत ते येते. ते लोपचिन्ह आणि जावास्क्रिप्टचे एकेरी अवतरण ही एकच कळ आहे. नाव भरताक्षणी अक्षरमाला मध्येच संपते, उरलेली अक्षरे आज्ञा म्हणून वाचली जातात आणि संपूर्ण यादी गायब होते. सीडेटा विभाग येथे काहीही मदत करत नाही, कारण एक्सएमएलच्या दृष्टीने यात चूकच नाही. नावाच्या जागी कोणी जाणूनबुजून अवतरणचिन्ह, अर्धविराम आणि त्यापुढे स्वतःची आज्ञा लिहिली, तर ती आज्ञा पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. ]]> किंवा स्क्रिप्ट घटक मिटवणारा टॅग नावात घालूनही हाच परिणाम साधता येतो.

अशा वेळी संस्कारांचा क्रम आतून बाहेर असावा लागतो. किंमत आधी जावास्क्रिप्टच्या अक्षरमालेसाठी सुरक्षित करावी; त्यात अवतरणचिन्हे, उलटी तिरकी रेघ, ओळतोड आणि <, >, & ही सर्व युनिकोड क्रमांकाने लिहावीत. मग गरज उरल्यास एक्सएमएलसाठीचे संदर्भ लावावेत. क्रम उलटा झाला किंवा एकच संस्कार झाला, तर पान वरवर नीट चालते आणि भोक तसेच राहते. आणखी सोपा मार्ग म्हणजे किंमत आज्ञावलीत घालूच नये. ती एखाद्या घटकाच्या गुणधर्मात ठेवावी आणि आज्ञावलीने ती तेथून वाचावी. गुणधर्माचे नियम दोन्ही विश्लेषकांत सारखे असल्याने एकाच प्रकारचा संस्कार पुरतो.

== देवनागरी मजकुराचे विशेष ==

एक्सएमएल आणि जावास्क्रिप्ट दोन्ही युनिकोडवर आधारलेली असल्याने <थांबा>एव्हरशाईन सिटी</थांबा> हा संपूर्ण देवनागरी घटक सुघटित ठरतो. हाच थांबा ‘एव्हरशाईन सिटी & वसंत नगरी’ असा लिहिला की सुघटित राहत नाही; दुकानांच्या व संस्थांच्या नावांतील & असेच अडवते.

मराठीतील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखालील नुक्ता असे जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. विश्लेषक मात्र क्रमांकांची तुलना करतो, त्यामुळे उघडणाऱ्या टॅगात एक आणि मिटवणाऱ्यात दुसरा प्रकार आला तर जोडी जुळत नाही. जावास्क्रिप्टमधील चलांच्या नावांनाही हेच लागू आहे. वेगवेगळ्या टंकनसाधनांवर काम करणाऱ्या दोघांनी मिळून साचा लिहिला, की ही चूक शोधण्यात दिवस जातो.

जावास्क्रिप्टमधील संख्या इंग्रजी पद्धतीच्या अंकांतच लिहाव्या लागतात. देवनागरी ३५ ही तिच्या लेखी संख्या नाही. नावात दुसऱ्या स्थानापासून पुढे देवनागरी अंक चालतो, एकटा चालत नाही. तसेच लेखनप्रणालीत मजकूर टंकताना सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हे होतात. मजकुरात ती शोभतात, आज्ञावलीत व्याकरणाची चूक ठरतात. आज्ञावली नेहमी साध्या मजकूर-संपादकातून चिकटवावी.

युनिकोडपूर्व टंकांत साठवलेला जुना मजकूर साच्यात आणताना एक वेगळीच अडचण येते. कृती देव टंकात पडद्यावर दिसणारा ‘ढ’ प्रत्यक्षात < या चिन्हाच्या जागी बसवलेला असतो, आणि ‘झ’ हा > च्या जागी. ‘ढग’ हा शब्द विश्लेषकाला एक्स नावाच्या टॅगाचा आरंभ वाटतो. असा मजकूर साच्यात किंवा आज्ञावलीतील अक्षरमालेत घालण्यापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच उपाय आहे.

== सद्यस्थिती ==

एक्सएचटीएमएलची पाने प्रत्यक्षात एक्सएमएल म्हणून क्वचितच पाठवली गेली. इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत तो प्रकार समजतच नव्हता. २०११ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत तो समजू लागला. तोवर बहुतेक संकेतस्थळे एक्सएचटीएमएल लिहीत आणि एचटीएमएल म्हणून पाठवत, त्यामुळे चुका वर्षानुवर्षे झाकल्या गेल्या. २०१४ मध्ये एचटीएमएल५ ही शिफारस आली आणि नव्या पानांपुरता हा प्रश्न बराचसा मागे पडला. जावा भाषेतील थाइमलीफ या साचा-यंत्रणेनेही २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून एचटीएमएल साच्यांवरील सुघटिततेची सक्ती काढून टाकली.

जेथे एक्सएमएल टिकून आहे तेथे मात्र नियम तेच आहेत. ब्लॉगरचे साचे आजही एक्सएमएलमध्ये आहेत. स्वतंत्र फाइल म्हणून उघडलेले एसव्हीजी चित्र एक्सएमएल म्हणूनच वाचले जाते. ईपबच्या २०११ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पुस्तकातील प्रत्येक प्रकरण एक्सएचटीएमएलमध्ये असावे लागते. मराठी ई-पुस्तकात प्रश्नमंजूषा किंवा शब्दकोडे घालू पाहणाऱ्याला < आणि & यांची काळजी घ्यावीच लागते. त्यातही, पान लिहिता लिहिता मजकूर ओतणारी जावास्क्रिप्टची जुनी राइट ही आज्ञा एक्सएमएल म्हणून वाचल्या गेलेल्या पानात चालत नाही. तेथे घटक एकेक तयार करून पानाला जोडावे लागतात. शिवाय वाचनयंत्रांना आज्ञावली चालवण्याची सक्ती नाही, म्हणून पुस्तकातील मजकूर आज्ञावलीविनाही पूर्ण वाचता येईल अशीच मांडणी ठेवावी लागते.